वाडा कोणत्या सालात परत न्यायचा?

एखाद्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीला निधी मंजूर झाला की वाद पेटतो आणि तो ठरलेल्या दोनच वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, वाड्याला मूळ वैभव परत मिळवून द्या. दिवाणखान्यात हंड्या-झुंबरे लागू द्या, सागवानी खांब पुन्हा चकाकू द्या, आत पाऊल टाकताच पेशवाई दिसली पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, पडक्या भिंतींवर पैसा कशाला? फोटो काढून ठेवा, वाडा पाडा आणि माणसांना राहण्याजोगी घरे बांधा. दोघेही तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर दोघांचे नकळत एकमत असते: आज जो वाडा प्रत्यक्ष उभा आहे, त्याला स्वतःचे असे काही मोल नाही. एकाला त्याच्या जागी हरवलेला वाडा हवा असतो, दुसऱ्याला त्याच्या खालची जमीन. माझे म्हणणे याच्या उलट आहे. वाड्याची खोली कोणत्याही एका सालात परत नेऊ नये. ती आहे त्या वयात, आहे त्या थरांसह टिकवावी. पाणी, भार आणि वीज यांची कामे आधी करावीत, शोभेची शेवटी. जिथे पुरावा संपतो तिथे हात थांबवावा. आणि दिवाणखान्याइतकीच काळजी मुदपाकखान्याची घ्यावी.

पुण्याचा विश्रामबाग वाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राहण्यासाठी बांधला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला आणि तो पुन्हा बांधावा लागला. पुढे शहराचा नगरपालिकेचा कारभारही इथून चालला. आता यातली एखादी खोली ‘पूर्ववत’ करायची तर कोणत्या वर्षापर्यंत मागे जायचे? पेशव्यांच्या निवासापर्यंत गेलो तर पाठशाळा पुसली जाते आणि आगीनंतर उभे राहिलेले कामही उपरे ठरते. केसरीवाड्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तो मूळचा गायकवाड वाडा; लोकमान्य टिळकांनी तो १९०५ मध्ये घेतला. गायकवाडांच्या काळाकडे परत जाण्याच्या हट्टापायी तिथला टिळकांचा वावर पुसायला कोणी धजेल का? मग ज्या वाड्यात कोणी टिळक राहिले नाहीत, तिथल्या चार-पाच पिढ्यांचा वावर खरवडून टाकायला आपण इतक्या सहज कसे तयार होतो?

पुराव्याचा प्रश्न तर याहून अवघड आहे. शनिवारवाड्याचे महाल पुन्हा उभारा, ही मागणी अधूनमधून होतच असते. १७३० मध्ये पायाभरणी झालेला हा वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत जळाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. आतल्या महालांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, वर्णने आहेत, पण मोजमापे घेतलेले नकाशे नाहीत. दरबाराचे सर्वांत परिचित चित्र इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलचे आहे: ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याने १७९० मध्ये पेशव्यांशी केलेल्या तहाचे. ज्याच्या रेखाटनांवरून ते काढले गेले, तो चित्रकार जेम्स वेल्स भारतात पोहोचला १७९१ मध्ये, म्हणजे तहाच्या वेळी तो दरबारात नव्हताच. १७९५ मध्ये तो वारला आणि डॅनियलने चित्र पुरे केले १८०५ मध्ये, इंग्लंडात. चित्र म्हणून ते अनमोल आहे, पण त्यावरून खांबांमधले अंतर, तक्तपोशीच्या फळ्यांची जाडी किंवा महिरपीचा रंग ठरवता येईल का? आणि शनिवारवाड्यासारख्या वास्तूची ही अवस्था असेल, तर एखाद्या तालुक्याच्या गावातल्या इनामदारांच्या वाड्याचा ‘मूळ’ दिवाणखाना आपण कशाच्या आधारे उभा करणार?

व्यवहारात होते असे, की आपल्याला आवडेल ते निवडले जाते आणि त्यावर मूळ असल्याचा शिक्का मारला जातो. पेशवेकालीन वाड्याच्या अंदाजपत्रकात ‘पारंपरिक मंगळूरी कौले’ बिनदिक्कत लिहिली जातात. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. म्हणजे ज्या वाड्यावर आज ही कौले आहेत, त्याचे छप्पर पेशवाईनंतर किमान सत्तेचाळीस वर्षांनी बदललेले आहे. तत्त्वाला चिकटून राहायचे तर ती उतरवून थापीची नळीची कौले चढवायला हवीत. तसे कोणी करत नाही, आणि करूही नये. मंगळूरी कौल एकमेकांत अडकून बसते, कमी गळते, आणि आता तेही वाड्याच्या आयुष्याचा भाग झाले आहे. पण छपरापुरते हे मान्य असेल, तर खालच्या खोलीतली शहाबादी फरशी, नंतर बसवलेले काचेचे तावदान किंवा ब्रिटिश अमदानीतला लोखंडी कठडा यांनाच उपरे का ठरवायचे?

ही चूक आपणच पहिल्यांदा करतो आहोत असे नाही. फ्रान्समधला प्येरफोंचा गढीवजा राजवाडा सतराव्या शतकात मोडून टाकला होता. १८५७ पासून व्हियोले-ल-द्युक या स्थपतीने तिसऱ्या नेपोलियनसाठी तो पुन्हा उभारायला घेतला. बाहेरच्या तटबंदीला थोडाफार आधार होता. आतल्या दालनांचे रंग, चुली, कोरीव प्राणी हे बहुतांश त्याच्या प्रतिभेचे काम. आज तिथे जाणारा जाणकार एकोणिसाव्या शतकाचे मध्ययुगाबद्दलचे स्वप्न पाहतो, मध्ययुग नव्हे. याच वृत्तीला विरोध म्हणून इंग्लंडात १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिची मागणी साधी होती, नव्याने जुने घडवू नका, जुने दुरुस्त करा. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरातल्या भिंतींना अनेक दशके फिके, सौम्य रंग दिले जात होते, कारण जुने म्हणजे फिके असे सर्वांनी गृहीत धरले होते. थरांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण झाल्यावर लहान भोजनगृहाचा रंग भडक हिरवा निघाला. प्रत्येक पिढीचे ‘मूळ’ हे बऱ्याच अंशी त्या पिढीच्या आवडीचेच असते.

तरीही पुनर्निर्माणाच्या बाजूला काही भक्कम मुद्दे आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा, की प्रत्येक थर जपण्याच्या लायकीचा नसतो. चौकावर टाकलेला पत्रा, सोप्यात ठोकलेली प्लायवूडची आडभिंत, माडीवर बसवलेला पोटमाळा हेही थरच, म्हणून ते पूजायचे का? अजिबात नाही. पण ते काढण्याची कसोटी साल ही नसावी. त्या भरीमुळे पाणी, हवा किंवा भार यांची वाट बिघडते का? तिच्यामागे जुने काम दडपले जाते का? ती न तोडफोड करता काढता येते का? चौकावरच्या पत्र्याबाबत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेच येते. चौक हा वाड्याचा श्वास आहे. तो झाकला की खालच्या खोल्यांतली ओल बाहेर पडत नाही. फोटो आणि मोजमाप नोंदवून तो उतरवावा. पण १९३० च्या सुमाराला माजघरात बसवलेले भिंतीतले काचेचे कपाट कोणाचेही नुकसान करत नाही. त्याला हात का लावायचा?

दुसरा मुद्दा अपपार्कचा. इंग्लंडातल्या या घरात ३० ऑगस्ट १९८९ रोजी, छपराच्या दुरुस्तीचे काम जवळजवळ संपत आले असताना, शिशाच्या पत्र्यावर काम करणाऱ्यांच्या ज्योतीतून आग लागली. वरचे मजले कोसळले. सर्वांना वाटले, संपले. तरी ते घर पुन्हा उभे राहिले आणि १९९५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. हाताने चुन्यात नक्षी काढण्याची जवळपास विसरलेली कला त्या कामासाठी कारागिरांनी पुन्हा आत्मसात केली. पुनर्निर्माणवाद्यांचे हे सर्वांत प्रभावी उदाहरण आहे, आणि मी ते पूर्ण मानतो. फक्त त्यात काय केले गेले ते नीट पाहावे. राखेतून हजारो डबे भरून तुकडे वेचले, चाळले आणि शक्य तिथे परत बसवले. फोटो होते, मोजमापे होती, वाचवलेले सामान होते. आणि ध्येय होते ते आगीच्या आदल्या दिवशी घर जसे होते तसे करण्याचे: विटलेल्या भिंतकागदासह, झिजलेल्या सोनेरी मुलाम्यासह. बांधणाऱ्याच्या काळातला कोरा झगमगाट त्यांनी आणला नाही. म्हणजे अपपार्कमध्ये जपले गेले ते त्या घराचे वयच. आणि जिथे एवढे उरतच नाही तिथे? २०१५ मध्ये क्लँडन पार्क जळाले. एक दालन सोडले तर आत काहीच उरले नाही. अपपार्क पुन्हा उभे करणारी नॅशनल ट्रस्ट हीच संस्था तिथे मात्र सगळी दालने पुन्हा न घडवण्याच्या निर्णयापर्यंत आली. त्यावर पुष्कळ टीका झाली. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो.

हा झाला तत्त्वाचा भाग. पण वाड्याचे खरे नुकसान होते ते कामाचा क्रम चुकल्याने. वाडा पाण्याने मरतो. १०० चौरस मीटर छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी खाली येते आणि चौसोपी वाड्यात त्यातला मोठा वाटा चौकात पडतो. पन्हळीचा उतार उलटा गेला, दोन छपरांच्या मधल्या खोबणीतला पत्रा गंजला किंवा चौकाची मोरी तुंबली, की तेच पाणी वाशाच्या टोकातून तुळईत आणि तुळईतून भिंतीत उतरते. बाहेरच्या बाजूला रस्त्यावर डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत जातात आणि एकेकाळी दोन-तीन फूट उंच असलेले जोते रस्त्याच्या पातळीला येते. मग पावसाचे पाणी उंबऱ्यातून आत येते आणि पायातून भिंतीत चढते. अशा वाड्यात दिवाणखान्याच्या छताला रंग देणे म्हणजे पैसा आणि छत दोन्ही वाया घालवणे. आधी कौले, रिपा, पन्हळी; मग मोरी; मग भिंतीलगतची फरसबंदी उखडून पाणी बाहेर नेणारा चर. हे झाल्याशिवाय आतल्या खोलीत गवंड्याने थापी उचलू नये.

भिंतींचे दुसरे संकट सिमेंट. पुष्कळ वाड्यांत भार वाहतो तो लाकडी सांगाडा: पाच-सहा फुटांच्या खणांवर उभे खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचे छत. यातले अनेक खांब भिंतीच्या पोटात असतात, दिसतच नाहीत. भोवतीची वीट माती किंवा चुन्यात बांधलेली असते आणि चुन्याचा गिलावा तिच्यातली ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते. ती वर चढत जाते, क्षार बरोबर नेते, आणि गिलाव्यामागे लोणा फुलतो. चार-पाच पावसाळ्यांत गिलावा पोपड्यासारखा सुटतो, पण एकटा नाही. विटेचा चेहरा घेऊनच पडतो. तोवर भिंतीतल्या खांबाचा बुंधा भुसभुशीत झालेला असतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी लागते आणि ओलसर लाकूड वाळवीलाही सोयीचे. भिंत मजबूत करायला म्हणून केलेल्या कामाने घराचा पाय कापला जातो, आणि पुढे संरचना तपासणारा अहवाल लिहितो: इमारत धोकादायक.

चुना महाग, चुन्याचे गवंडी मिळत नाहीत, काम रेंगाळते, हे आक्षेप खरे आहेत. चुन्याला वेळ लागतोच. कळीचा चुना विझवून पाण्याखाली किमान तीन-चार आठवडे मुरू द्यावा लागतो. न विझलेला खडा गिलाव्यात राहिला तर तो नंतर फुगून गिलाव्याला भोक पाडतो. मग एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग वाळू-सुरखी (विटांची पूड) असे मिश्रण घाण्यात मळायचे. भिंत आधी भिजवायची, १०-१२ मिलिमीटरचा पहिला थर द्यायचा, तो आवळला की दुसरा, आणि शेवटी दोन-तीन मिलिमीटरची घोटाई. प्रत्येक थर ओला ठेवायचा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का होतो आणि ते पूर्ण कोरड्या थरात घडत नाही. मुळात सिमेंट काढल्यावर भिंत वाळायलाच वेळ द्यावा लागतो. मुरलेल्या ओलीला इंचाला महिना हा ढोबळ हिशोब धरला, तर दीड फूट भिंतीला दीड वर्ष जाऊ शकते. पण सरकारी निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे. म्हणून भिंत उघडून पंधरा दिवसांत पुन्हा झाकली जाते, आणि उरलेला गिलावा एप्रिल-मेच्या उन्हात होतो. थर पक्का होण्याआधी वाळतो, भुकटी होतो, आणि मग म्हणतात, बघा, चुना टिकत नाही. या कामाला पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने योग्य. दोष पदार्थाचा की वेळापत्रकाचा?

लाकडाच्या बाबतीत घाई वेगळ्या रूपात येते: सगळे बदलून टाका. चौरस मीटरवर किंवा घनफुटावर मोजता येणारे काम निविदेत सहज बसते. एका खांबाचा कुजलेला बुंधा तेवढा कापून नवा जोडणे बसत नाही. म्हणून वरचे सात फूट ठणठणीत असलेला दोनशे वर्षांचा सागवान बुंध्यासाठी बाद होतो. खरे तर टोच्याने आणि हातोडीच्या आवाजाने निरोगी लाकूड कुठे सुरू होते ते कळते. तिथून वर थोडे सोडून खांब कापावा, खांबाच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट लांबीचा तिरपा सांधा घ्यावा, वाळलेले जुने सागवान जोडावे आणि लाकडी खुंट्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट घालावेत. ओले लाकूड वापरले तर ते आकसते आणि सांधा उघडतो. नवा बुंधा दगडी तळखड्यावरच बसला पाहिजे, मातीला टेकता कामा नये. टेकू देताना वरच्या मजल्यापासून जमिनीपर्यंत एका ओळीत द्यावेत, आणि जॅकने उचलायचेच तर दिवसाला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. कललेला वाडा ओळंब्यात आणण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. शंभर-दीडशे वर्षांत तो ज्या अंगावर विसावला आहे, तिथे त्याचे सांधे बसलेले असतात. एक खांब सरळ केला की तिसऱ्या खोलीतल्या सांध्यात बसलेले कूस तुटते. जोडलेल्या नव्या तुकड्यावर न दिसणाऱ्या बाजूला साल कोरून ठेवावे. पुढच्या सुताराला नवे-जुने कळले पाहिजे.

‘चकाकी’ आणणाऱ्यांनी सर्वांत जास्त विध्वंस केला आहे तो खरवडण्यात. खांबांवरचा तेलरंग काढायला वाळूचा मारा केला की सागवानाचा मऊ भाग उडतो आणि कोरलेल्या केळफुलांच्या पाकळ्या बोथट होतात. कॉस्टिक सोडा लाकूड काळे पाडतो आणि नीट धुतला नाही तर नवा रंगही धरू देत नाही. दहा सेंटिमीटर चौकोनावर आधी चाचणी, मग रंग मऊ करणारा लेप आणि लाकडी पाते, एवढेच साधन पुरते. जुन्या तेलरंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये. अळशीच्या तेलाचा हात द्यायचा तर तेलाच्या चिंध्या पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात. ढिगाने ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. भिंतींबाबत तर धीर आणखी हवा. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रे आहेत. अशी चित्रे आणखी किती वाड्यांत सफेदीच्या थरांखाली झाकलेली असतील? वर्षानुवर्षांच्या सफेदीनेच ती जपलेली असतात. पण मजूर पत्र्याची पट्टी घेऊन भिंत घासायला लागला की एका सकाळीत सारे संपते. म्हणून प्रत्येक खोलीत, कोनाड्याच्या आत आणि महिरपीच्या वर, आधी तळहाताएवढ्या खिडक्या उघडून थर मोजायचे, फोटो काढायचे. खाली रंग निघाला तरी लगेच सगळी भिंत उघडायची नाही. उघडलेले चित्र सांभाळायला तज्ज्ञ आणि पैसा नसेल तर सफेदीखालीच ते सुरक्षित आहे.

मूळ वैभवाच्या भाषेत आणखी एक अन्याय दडलेला आहे. निधीतला मोठा वाटा दिवाणखाना, देवघर आणि दर्शनी दरवाजा यांवर जातो. मुदपाकखाना, कोठी, बाळंतिणीची खोली, न्हाणीघर, धान्याचे बळद यांचे काय होते? तिथे स्वच्छतागृहे, विजेचे पॅनेल आणि तिकीट खिडकी येते, कारण पाण्याचा निचरा तिथे आधीच असतो आणि त्या खोल्या कोणाला दाखवायच्या नसतात. पण वाड्यात बायकांचे आयुष्य गेले ते या खोल्यांत. धुराने काळा झालेला कडीपाट, चुलीशेजारच्या वाईलाच्या जागेचा भाजलेला दगड, पाटा-वरवंट्याने झिजलेली फरशी हा त्यांच्या श्रमाचा पुरावा आहे, आणि तो घासून स्वच्छ केला की तो कायमचा गेला. आणि वैभव दाखवायचे तर हेही दाखवावे लागेल, की या घरात कोणत्या जातीचा माणूस कोणत्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकत होता. देवडी, बाहेरचा सोपा, आतला चौक, माजघर हा क्रम निव्वळ वास्तुरचनेचा नव्हता. तो माणसांची प्रतवारी करत होता. मागचा दरवाजा आणि सेवकांचा अरुंद जिना पाडून फक्त झुंबराचा दिवाणखाना उरवला, तर येणाऱ्याला आपण कोणता इतिहास दाखवतो?

आता पाडा म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांची बाजू अनेकदा मालकांची आणि भाडेकरूंची असते, आणि ती खरोखर अडचणीत असलेल्या माणसांची आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली; १९९९ च्या कायद्यानंतरही जुन्या भाडेकरूंचे भाडे इतके थोडे आहे, की त्यातून कौलेही चाळून होत नाहीत. एका वाड्याला पंचवीस वारस, त्यातले निम्मे परगावी. वरच्या मजल्यावर एक म्हातारे जोडपे राहते आणि जिना हलतो. अशांना वारशाचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या पेठांत मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात विरघळल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंतींनी आणि मातीच्या माळवदांनी, म्हणजे सपाट छपरांनी, हजारो माणसे गाडली. जुने ते सुरक्षित, असे म्हणणे त्या मृतांचा अपमान आहे.

पण या उदाहरणांवरून निघते काय? माळवद गळते म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचा नवा थर टाकला जाई. घट्ट बसलेल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून जास्त. दोन फुटांचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक टन. तो भार आणि आतून न बांधलेल्या दगडांच्या भिंती यांनी माणसे मारली. म्हणजे माती उतरवून हलका, पाणी न धरणारा थर देणे आणि भिंतींचे दोन चेहरे लांब दगडांनी एकमेकांना बांधणे ही कामे झाली पाहिजेत, मग ती ‘मूळ’ असोत वा नसोत. इथे दुरुस्तीचा विचार पुनर्निर्माणाच्या विचारापेक्षा अधिक माणुसकीचा ठरतो, कारण त्याला नवे साहित्य वर्ज्य नाही. काँक्रीटसाठी बनवलेल्या चाचण्या मातीच्या भिंतीवर लावून दिलेले ‘धोकादायक’ प्रमाणपत्र मात्र मानू नये. लाकडी सांगाडा जाणणाऱ्या अभियंत्याने खांबांचे बुंधे आणि तुळयांची टोके उघडून पाहिल्याशिवाय निर्णय होऊ नये. मालकाचा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून उत्तरही पैशाचेच हवे. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत न वापरलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) देण्याची सोय केली गेली. अशी सोय छोट्या शहरांतल्या मालकालाही वकील न लावता मिळाली पाहिजे, आणि तिच्यातून आलेला पैसा छपरावर खर्च झाल्याचे तपासले गेले पाहिजे.

वाडा वापरात राहिला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. बंद खोलीला वाळवी आधी लागते. पण वापराने भार आणि आग येते. लाकडी तुळयांवर १०० मिलिमीटरची काँक्रीटची लादी ओतली की चौरस मीटरला २५० किलोची भर पडते. १,००० लिटरची टाकी माडीवर ठेवली की एक टन एका खणावर बसतो. टाकी वाड्याबाहेर, स्वतंत्र मनोऱ्यावर हवी. स्वच्छतागृहे परसात, मूळ भिंतींना न टेकता. वायरिंग जुन्या कापडी तारांसह पूर्ण बदलून धातूच्या नळीतून, भिंत न खोदता, तुळईच्या कडेने न्यावे. प्रत्येक मजल्याला वेगळे सर्किट आणि गळती होताच तोडणारा ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर. क्लँडन पार्कची आग तळघरातल्या विजेच्या वितरण फलकातून सुरू झाली होती, विंडसर राजवाड्याची १९९२ ची आग पडद्याला टेकलेल्या दिव्यातून, आणि अपपार्कची दुरुस्तीच्याच कामातून. म्हणून काम सुरू असताना वेल्डिंग आणि ज्योतीचे काम वाड्याबाहेर. आत टाळताच आले नाही तर दुपारपर्यंत संपवून पुढे किमान दोन तास माणूस पहाऱ्याला.

निधी देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेकडे माझी मागणी आहे ती अशी. पहिल्या वर्षी फक्त मोजमाप, थरांच्या नोंदी, टेकू आणि तात्पुरते छप्पर. दुसऱ्या वर्षी पाणी आणि लाकूड. भिंती वाळल्या की चुना. आणि मंजूर रकमेतला एक हिस्सा सुरुवातीलाच कायम ठेवीत टाकावा, ज्याच्या व्याजातून दर वर्षी मृग लागण्याआधी कौले चाळली जातील, पन्हळी साफ होतील, मोरी उपसली जाईल आणि खांबांचे बुंधे टोच्याने तपासून वहीत नोंद होईल. ज्या अंदाजपत्रकात ही ओळ नाही आणि झुंबरांची आहे, ते नामंजूर करावे.